बंदुकीचा नैवेद्य

म्हस्कूच्या डोक्यावर पटका नाही ही गोष्ट वस्तीला आता नवी राहिली नव्हती, पण सवय मात्र कुणालाच झाली नव्हती. पन्नाशी उलटलेला हा माणूस, मिसरूड फुटल्यापासून लाल पटक्याखाली वावरलेला. पटका उतरला तेव्हा भुवयांपासून खाली काळा आणि वर सोललेल्या कांद्यासारखा पांढरा, असा दोन रंगांचा म्हस्कू लोकांना पहिल्यांदा दिसला. वैशाखाच्या उन्हानं तो पांढरा भाग लाल झाला, मग त्याची सालपटं निघाली, खालून पुन्हा नवं पांढरं आलं आणि तेही भाजलं. वर्षभर हेच चाललं होतं. दिवस मावळायला त्याची बायको बानूबाई त्याच्या टाळूवर खोबरेल चोळायला बसायची आणि म्हस्कू दर वेळी ओरडायचा, "आगं हळू! जनावर न्हाय मी, मानूस हाय."

"जनावराच्या डोस्क्याला शिंगं तरी असत्यात," बानूबाई म्हणायची. "तुमच्या डोस्क्यावर काय राहिलंया?"

पटका का उतरला हे कळंबच्या बाजारात कुणालाही विचारा. तो तोंडानं सांगणार नाही. जीभ टाळ्याला लावून नुसता आवाज काढील: खट्.

वस्तीवरच्या बिरोबाची यात्रा चैत्रात भरते. खांद्यावरची पालखी देवळातून हलायची तर आधी बंदुकीचे तीन आवाज व्हायला हवेत, लागोपाठ. आवाजाचा मान म्हस्कूच्या घराचा. घर एके काळचं मेंढरं राखणारं. म्हस्कूच्या आज्यानं माळावर हरणं मारायला आलेल्या कुणा गोऱ्या साहेबाला वाट दाखवली आणि साहेबानं देश सोडताना आपली बंदूक त्याच्या हवाली केली. "हरनं साहेबानं मारली, पाप त्योच घिऊन गेला, बंदूक तेवढी आमच्याकडं ठेवली," असं म्हस्कूचे वडील अप्पा सांगायचे. मेंढरं गेली, पाटाचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला, पण बंदूक खुंटीवर होती तिथंच राहिली. लायसन होतं, वर्षाकाठी तीन गोळ्यांचं काम होतं आणि बाकी सगळं वर्ष तिला देव मानून हळदीकुंकू लागत होतं.

बंदूक एकनळी. मूठ धरून बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, की खालच्या लोखंडी पेटीतून एक गोळी वर येऊन नळीत बसायची. साहेबाच्या काळापासून ती बसत आली होती. दोन सालांमागं तिसरी गोळी जरा रेंगाळली, लोकांनी मनावर घेतलं नाही. गेल्या साली मात्र पालखी खांद्यावर चढली, पहिला आवाज झाला, भोयांनी एक पाय पुढं टाकला, म्हस्कूनं बोल्ट मागंपुढं केला, चाप ओढला आणि निघालं काय, तर खट्. पुन्हा ओढला. खट्. भोई एक पाय पुढं टाकून तसेच उभे. पुजाऱ्याच्या मुठीत उधळायला घेतलेला भंडारा घामानं ओला झाला. म्हस्कू बंदूक उलटी करतोय, हलवतोय, तिच्या पोटावर चापट्या मारतोय. शेवटी दादासाहेबांच्या गड्यानं देवळामागं जाऊन दोन सुतळी बाँब लावले आणि पालखी त्या आवाजावर हलली.

दादासाहेब म्हणजे गावातले मोठे ऊसवाले. माळेगावच्या कारखान्यावर त्यांचे ट्रॅक्टर चालायचे, घरी नवीकोरी दुनळी होती आणि आवाजाच्या मानावर त्यांचा फार दिवसांचा डोळा होता. ते सगळ्यांच्या देखत गोड बोलले, "म्हस्कूराव, देवाला काय, आवाज झाल्याशी कारण. औंदा झालं ते झालं. पुढल्या सालीबी आसंच झालं तर मग मान आमच्याकडं द्या, म्हंजी तुमच्याबी जिवाला घोर न्हाय." पंचांनी माना डोलावल्या. म्हस्कूनं तिथंच पटका उतरवला, देवाच्या पायरीला लावला आणि म्हणाला, "तीन आवाज काढल्याबिगर हा डोस्क्याला लावनार न्हाय."

तेव्हापासून तो पटका बानूबाईच्या ट्रंकेत होता. ट्रंक उघडताना तो दिसला की ती झाकण चटकन लावून टाकायची. नवऱ्याच्या टकलाला लोक हसतात याचं तिला दुःख होतंच, पण खरी बोच वेगळी होती. बंदुकीचा देव रुसला असेल तर तो आपल्यामुळंच रुसला असणार, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

कारण बंदुकीला जेवू घालायचं काम तिचं होतं.

ही रीत तिच्या सासूची, द्वारकाबाईची. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, कोयता, विळा, पहार, नांगराचा फाळ, तशी बंदूकही पुजायची. मग नैवेद्य. नैवेद्य दाखवायचा तर तोंडाशी, आणि बंदुकीचं तोंड कुठलं? नळीचं टोक म्हणाल तर ते थुंकायचं. खायचं तोंड म्हणजे जिथून गोळ्या भरतात ते. द्वारकाबाई बोल्ट मागं ओढायची, पुरणपोळीचा तुपात भिजवलेला तुकडा बोटानं आत सारायची, वर भंडाऱ्याची चिमूट सोडायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत डोकावलं की पेटी लख्ख रिकामी! "आमच्या बंदुकीत देव जेवतो," असं ती साऱ्या वस्तीला सांगायची, आणि शंका घेणाऱ्याला हाताला धरून आणून दाखवायची. द्वारकाबाई वारली तेव्हापासून हा वसा बानूबाईकडं आला होता. ती आत डोकावायची नाही. देव जेवला का नाही हे बघणं म्हणजे पाहुण्याचं ताट तपासण्यासारखं, असं तिला वाटायचं.

यात्रा फसल्यावर तिनं नैवेद्य वाढवला. वर्षातून एकदा घालायचा तो दर रविवारी घालू लागली. कधी गूळखोबरं, कधी शिऱ्याचा घास, तूप सढळ हातानं. म्हस्कूला यातलं काही सांगितलं नाही. बंदूक हा त्याच्या डोक्याचा विषय झाला होता, दोन्ही अर्थांनी, आणि तिचं नाव काढलं तरी तो ताटावरून उठायचा.

सत्त्याण्णव सालचा चैत्र लागला. गहू मळून झाला, भुसकट अजून अंगणात होतं. उसाच्या खोडव्याला पाणी चालू होतं आणि लाइट दिवसा असली की म्हस्कू विहिरीवर. यात्रा तोंडावर आली तसा तो पाण्याची दारं धरता धरता एकदम थांबायचा आणि खोऱ्याचा दांडा बोल्टासारखा मागंपुढं करून बघायचा. पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी त्याला कळायचं नाही.

शेवटी एके सकाळी तो सिद्धूला घेऊन आला. सिद्धू रस्त्याकडेला ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. पान्ह्यांची पिशवी लुनाला अडकवून आला, हात पुसून बंदूक मांडीवर घेतली आणि इंजिनाचा आवाज ऐकावा तसा तिच्या पोटाला कान लावला.

"स्प्रिंग," तो म्हणाला. "गोळी वर ढकलनारी स्प्रिंग बसली तुमची. वर येतच न्हाय. ही बारकी कळ हाय न्हवं काका, चापाच्या पुढं, ही दाबली की पेटी खाली येती. बघू..."

पडवीतल्या बाजेवरून काठी सूं करत आली आणि सिद्धूच्या पिशवीवर पडली.

"पेटीला हात लावायचा न्हाय!" अप्पा बाजेवर उठून बसले होते. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते, पण काठीचा नेम वाखाणण्यासारखा होता. "आजवर कुनी लावला न्हाय. आत देव हाय. ज्यानं पेटी काढली त्याचं तळपट हुईल!"

"आवं पर अप्पा, उघडल्याबिगर कसं कळायचं?"

"वरनं बघ काय बघायचं ती!"

सिद्धूनं वरून बघितलं. आत काळोख होता. मग त्यानं ट्रॅक्टरला करतो तेच केलं. पिशवीतून ग्रीस काढलं, बोटभर घेतलं आणि वरूनच आत सारलं. "आता सुळसुळ चालंल," असं सांगून चहा पिऊन गेला.

बानूबाईनं दारातून सगळं बघितलं. देवाच्या तोंडात ट्रॅक्टरचं ग्रीस गेलं म्हणून तिला कसंसंच झालं. सिद्धूची लुना वळणाआड गेल्यावर तिनं तोंड गोड करायला पेटीत गुळाचा खडा टाकला.

दोन दिवसांनी मोहनराव आले. फौजेतून पेन्शनीत आलेले, मिशा अजून ड्युटीवर. त्यांनी बंदूक बघितलीच नाही. त्यांनी म्हस्कूला बघितलं.

"हत्यारात खोट नसती," ते म्हणाले. "खोट जवानात असती. तुमी बोल्ट पुरा मागं ओढत न्हाय म्हस्कूराव. अर्धवट ओढताय, मग गोळी कशी उठंल? सावधान!"

म्हस्कू भुसकटात सावधान उभा राहिला. उघडं डोकं, गुडघ्यापर्यंत धोतर, पायाला उसाच्या रानातला चिखल. मोहनरावांनी बाभळीच्या लाकडाच्या तीन गोळ्या तासून आणल्या होत्या. त्या पेटीत भरल्या आणि अंगणात कवायत सुरू झाली.

"पीछे खींच! पूरा खींच! आगे! अरे जोर से!"

पहिली लाकडी गोळी नळीत गेली, बाहेरही आली. म्हस्कूचं तोंड खुललं. त्यानं दुसऱ्यांदा सारा जीव काढून बोल्ट ओढला, ढकलला, चाप दाबला. खट्.

"पूरा खींच!"

खट्.

"कमर सीधी! सीना बाहर! पीछे खींच!"

खट्. खट्. खट्. ऊन चढलं. टाळूवरचा घाम डोळ्यांत उतरू लागला. म्हशीनं चारा खायचा सोडून मान वर केली. रस्त्यानं दादासाहेबांचा गडी सायकलवर चालला होता, तो कुंपणाशी थांबला आणि प्रत्येक खट्ला मान डोलवू लागला. म्हस्कूनं त्याला बघितलं, बंदूक बाजेवर ठेवली आणि विहिरीकडं चालू लागला. त्याच्या पाठीकडं बघवत नव्हतं.

"मेहनत कमी पडती," मोहनराव मिशा पुसत म्हणाले. "वहिनी, दोन गोळ्या आत राहिल्या माझ्या. निघाल्या तर ठिवा."

बानूबाईनं बंदूक उचलून खुंटीला अडकवली. तिला मोहनरावांचा राग आला होता, सिद्धूचा आला होता, आणि देवाचाही थोडा आला होता. इतकं तूप घालूनही हा पावत नसेल तर खातो तरी कशाला? तिनं वर बघितलं आणि ती बघतच राहिली.

भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली होती. खुंटीवरून बंदुकीच्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून पोटाखाली, आणि तिथून आत. आत जाणाऱ्या मुंग्या रिकाम्या होत्या. बाहेर येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात पिवळा कण होता.

बानूबाईनं एक कण बोटावर घेतला. चुरगळला, हुंगला. पुरण.

देवानं खाल्लं असेल, तर या काय नेतात? आणि देवानं खाल्लं नसेल, तर... दर रविवारचे घास तिच्या डोळ्यांपुढून गेले, शिरा, गूळखोबरं, तूप, आणि परवाचा गुळाचा खडा. वर सिद्धूचं ग्रीस. नवऱ्याच्या टकलाची सालपटं निघाली ती आपल्या हातच्या पुरणानं. सांगावं तर कुठल्या तोंडानं सांगावं? आणि न सांगावं तर यात्रा परवावर आलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली तसा म्हस्कू मोटार चालू करायला पळाला. अप्पा बाजेवर पडले होते, तोंडावर उपरणं. बानूबाईनं बंदूक खाली घेतली, पडवीच्या आडोशाला बसली, सिद्धूनं दाखवलेली बारकी कळ चाचपली. हात जोडून म्हणाली, "देवा, असलास तर सरकून बस," आणि कळ दाबली. पेटी कट् करून मांडीत पडली.

"बाने," उपरण्याखालून आवाज आला. "पेटी काढलीस?"

तिनं पेटी पदराखाली घेतली. "न्हाय मामा."

"मला शिकवू नगंस. ह्यो आवाज मी झोपंतबी वळखीन."

"तुमी कसा वळखाल? तुमीच म्हनता आजवर पेटी कुनी काढली न्हाय."

अप्पांनी उपरणं तोंडावरून बाजूला केलं. गोठ्यात म्हशीनं शेपटी आपटली. अप्पा अगदी हळू म्हणाले, "मी काढायचो."

"कवा?"

"खंडेनवमीला. समदी निजली म्हंजी."

"कशापायी?"

"भूक लागायची."

बानूबाईला आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं, आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

"हसू नगंस," अप्पा उठून बसले. "तुझी सासू पुरन करायची आसं, की वास वेशीपतूर जावा. आन् मला वाढायची एक पोळी. पोटाला मानवत न्हाय म्हनायची. मी मागितली की डोळं वटारायची, आन् बंदुकीला मात्र तुपात भिजवून. मग मी काय करनार? बंदुकीची खुंटी माझ्या उशाशीच आसायची. कळ दाबायची, घास काढायचा, खायाचा, पेटी धोतरानं पुसून परत लावायची. सकाळी ती बघायची, पेटी रिकामी. समद्या वस्तीत सांगत सुटायची. मग मला बोलताच ईना. ती गेली, माझं डोळं गेलं, बाज पडवीत आली, मग खुंटीपतूर हात पोचंना."

"आन् पेटीला हात लावला तर तळपट?"

"ती मीच काढलं. न्हायतर येखाद्या साली म्हस्क्यानं आदी उघडली आसती, मग मी काय खाल्लं आसतं?"

बानूबाईचं हसू एकदम मावळलं. तिला राग आला, आणि सासऱ्यापुढं आयुष्यात कधी चढला नव्हता तो आवाज चढला. "मामा, तुमच्या पोराचं डोस्कं वरीसभर भाजतंया. बाजारात बारकी पोरं त्याला खट् खट् करत्यात. काल ह्या अंगनात त्याला माकडावानी नाचिवला. आन् तुमी गप बसलासा? तुमास्नी ठावं हुतं पेटीत काय आसंल ती!"

अप्पांचे पांढरे पडलेले डोळे तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "ठावं हुतं. रोज सांगीन म्हनायचो. पर सांगितलं तर द्वारकी खोटी पडती गं. जलमभर ती छाती फुगवून सांगत आली, आमच्या बंदुकीत देव जेवतो. आता ती तोंड द्यायला हाय का? ती मेल्यावर तिला हसवू लोकांकडनं?"

बानूबाईला सासू आठवली. जाच करायची, पण खंडेनवमीच्या दुसऱ्या सकाळी पेटीत डोकावल्यावर तिचं तोंड लहान पोरीसारखं व्हायचं, ते बानूबाईनं बघितलं होतं.

"मी कुनाला न्हाय सांगत," ती म्हणाली. "पर आता ही साफ कशी करायची ती सांगा."

आत जे होतं ते बघून तिला शिसारी आली. तळाला काळं, त्यावर तपकिरी, त्यावर पिवळं, वर सिद्धूचं ग्रीस, आणि या सगळ्यात मोहनरावांच्या दोन गोळ्या रुतून बसलेल्या. उलथन्याच्या टोकानं तिनं खरवडायला घेतलं. गोळी वर ढकलणारी पाटी निघाली आणि तिच्याखालची स्प्रिंग, एवढे दिवस दबून बसलेली, एकदम उसळली. बानूबाईच्या कानाजवळून उडून अंगणात पडली. भुसकटात चरणाऱ्या कोंबड्यानं ती अळी समजून चोचीत धरली आणि पळाला.

"काय झालं?"

"स्प्रिंग कोंबड्यानं नेली!"

"धर त्येला!" अप्पा बाजेवरून ओरडले. "धर! मानाची स्प्रिंग हाय!"

बानूबाई पदर खोचून धावली. कोंबडा गोठ्यातून म्हशीच्या पोटाखालून गेला, उकिरड्यावर चढला, तिथून कुंपणावर. स्प्रिंग त्याच्या चोचीत लोंबत होती. शेवटी तिनं गव्हाची मूठ फेकली, तेव्हा त्यानं अळीपेक्षा गहू बरा असा विचार केला. धापा टाकत ती स्प्रिंग घेऊन आली. रॉकेलमध्ये बुडवून, काथ्यानं घासून, गरम पाणी ओतून तिनं पेटी दुधाच्या चरवीसारखी लख्ख केली आणि उन्हात वाळवली. खरवडलेला गोळा टाकवेना, नैवेद्यच तो. म्हशीपुढं धरला, तर म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. मग तुळशीच्या बुडाशी खड्डा करून पुरला.

पाटी आणि स्प्रिंग अप्पांनी हातात घेतली. बोटांनी चाचपून दोन्ही ओळखली. उलटं बसत होतं ते सुलटं करून त्यांनी स्प्रिंग पाटीखाली अडकवली, दोन्ही पेटीत सारली, अंगठ्यानं दाबली. पाटी खाली गेली आणि टुणकन वर आली. अप्पांनी पुन्हा दाबली, उगाच, मजा वाटली म्हणून.

तेवढ्यात उसाच्या कडेला खोकला ऐकू आला. लाइट गेली होती आणि म्हस्कू परत येत होता.

"मामा!"

"तू लाव. मी बघतो," अप्पा म्हणाले आणि काठी टेकत उठले. "म्हस्क्या! ए म्हस्क्या! मला परसाकडं ने!"

"आत्ता?"

"मग काय लाइट आल्यावर?"

म्हस्कूनं बापाचा हात धरला. अप्पांनी त्याला ओढ्यापर्यंत नेलं, तिथली जागा नापसंत केली, चिंचेखाली नेलं, तिथं मुंग्या आहेत म्हणाले, आणि शेवटी, "आता न्हाय लागली," असं सांगून परत फिरले. तोवर बंदूक खुंटीवर होती, पेटी जागेवर होती आणि बानूबाई भाकरी थापत होती.

यात्रेच्या दिवशी म्हस्कू न जेवताच निघाला. बानूबाई बायांच्या घोळक्यात उभी राहिली, काखेत पिशवी, पिशवीत लाल पटका. दादासाहेब पांढऱ्या कडक कपड्यांत देवळाच्या पायरीशी होते. त्यांच्या गड्यानं यंदा सुतळी बाँब मागं लपवले नव्हते, उघड दगडावर मांडले होते, आणि हातात पेटती उदबत्ती धरून तो म्हस्कूच्या डोक्याकडं बघत होता. पालखी खांद्यावर चढली.

म्हस्कूनं नळी आभाळाकडं केली. पहिला आवाज झाला. कबुतरं उडाली. पण पहिला तर गेल्या सालीही झाला होता. लोक श्वास रोखून दुसऱ्याची, खरं म्हणजे खट्ची वाट बघू लागले. म्हस्कूनं बोल्ट मागं ओढला. बानूबाईनं डोळे मिटले आणि देवाला म्हणाली, आता भूक लागली असली तरी कळ काढ, घरी गेल्यावर वाढते.

ठो!

आणि तिनं डोळे उघडायच्या आत, ठो!

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" लोक ओरडले, भंडारा उधळला, पालखी हलली. आणि म्हस्कू, वर्षभर दाबून ठेवलेला म्हस्कू, त्याला थांबवेना. खट् झालंच तर म्हणून त्यानं यंदा पेटीत दोन गोळ्या जादा भरल्या होत्या. त्यानं चौथाही काढला. भोई बिचकले आणि जागीच थांबले. पाचवा झाला तेव्हा ते पालखीसकट पळतच सुटले. मोहनरावांनी जाऊन बंदूक धरली, "बस! बस! जवान, बस!" म्हणाले आणि स्वतःच रडू लागले. गड्याच्या हातातली उदबत्ती जळत बोटापर्यंत आली आणि त्यानं हात झटकला.

बानूबाईनं पटका पुढं केला. म्हस्कूनं तो तिथंच, सगळ्यांच्या देखत, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या हातांनी बांधला. भाजलेल्या टाळूला कापड लागताच त्याला झोंबलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. झोंबल्यामुळंच आलं, असं त्यानं घरी सांगितलं. दादासाहेब गाडीत बसून निघून गेले.

पुढं चार दिवस वस्तीवर हाच विषय. मोहनराव म्हणाले, कवायत. सिद्धू म्हणाला, ग्रीस. म्हस्कूनं दोघांचीही पाठ थोपटली. पण त्याचं खरं मत त्यानं बायकोला सांगितलं. "बाने, देव जेवला गं. आईचा देव. त्याबिगर हे व्हायचं न्हाय. औंदा खंडेनवमीला तुकडाबिकडा न्हाय, अख्खी पोळी घाल पेटीत. तुपात भिजवून."

बानूबाईनं पदरानं घाम पुसला. "घालते की," ती म्हणाली.

खंडेनवमीला तिनं पुरण घातलं. वास वेशीपर्यंत गेला असावा. बंदुकीला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, भंडारा बाहेरूनच लावला. पोळी ताटात घेऊन ती पेटीशी वाकली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून आडोसा केला, पोळी नुसती टेकवली आणि उचलली. मग ताट पदराखाली धरून ती पडवीत आली आणि अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी पहिला घास घेतला, थांबले, आणि न बघणारे डोळे पुसले. "द्वारकीवानीच झालंय," म्हणाले.

आतून म्हस्कूनं हाक मारली. "आगं, जेवला का देव?"

बानूबाईनं बघितलं. अप्पांच्या मिशीला पुरण लागलं होतं, हनुवटीवरून तूप ओघळत होतं आणि रिकामं ताट त्यांनी पुढं धरलं होतं.

"जेवला," ती म्हणाली. "आनखी येक मागतोय."